अकरावं नाव

मागच्या रविवारी अर्णवने फोनवर मला विचारलं, "आजी, अमेरिकेच्या कुठल्या प्रेसिडेंटने लग्नच केलं नव्हतं?" त्याच्या पुण्याच्या शाळेत कसली तरी क्विझ होती, आणि आजी अमेरिकेत राहते म्हणजे तिला माहीत असणारच, असं तो धरून चालला होता. मला माहीत होतं. मी लगेच सांगितलं. मग सगळ्यात उंच कोण, एक सेंटच्या नाण्यावर कोणाचा चेहरा आहे, कोणाच्या तोंडात खोटे दात होते, असे एकामागून एक प्रश्न आले आणि मी न थांबता उत्तरं देत गेले. त्याची बहीण मीरा मागून ओरडली, "आजी, तू तर फोनपेक्षा फास्ट आहेस! कोणी शिकवलं तुला हे?" मी म्हटलं, माझ्या बाबांनी. फोन ठेवल्यावर चहाचा कप धुताना लक्षात आलं की आपण अर्धवट उत्तर दिलं. मला अर्धवट उत्तरं द्यायची सवय नाही. माझ्या कपाटातल्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, तुम्ही हसता त्यावर. तेव्हा या खोक्यातही काय आहे ते लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. या प्रकरणात तुम्हाला एकाही राष्ट्राध्यक्षाचं नाव सापडणार नाही. ती यादी मी एकदा स्वतःच्या हाताने लिहिली आहे. पुन्हा लिहिणार नाही.

मी राहते ते कॅरी तेव्हा एवढंसं गाव होतं. आज ज्या रस्त्यावर तुमच्या बाबांनी गाडी शिकताना कुंपण पाडलं, तिथे तंबाखूची शेतं होती. माझे बाबा औषधांच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि आमचं घर होतं बैठं, विटांचं. स्वयंपाकघरात पिवळ्या फॉर्मायकाचं टेबल, त्याच्या दोन बाजूंना दोन-दोन खुर्च्या. एक बाजू खिडकीची, एक बाजू शेगडीची. खिडकीच्या बाजूला बाबा बसत. रोज रात्री जेवायला बसताना ते शर्टाच्या खिशातून एक छोटं पुस्तक काढत, कोणाच्या तरी अंगणातल्या जुन्या वस्तूंच्या सेलमधून आणलेलं, अमेरिकेच्या नेत्यांबद्दलच्या बारीकसारीक माहितीचं, आणि मला नि माझ्या धाकट्या बहिणीला, विजूला, एकेक प्रश्न विचारत. मी तेरा वर्षांची होते, विजू नऊची. बरोबर उत्तर देणारीने बाबांशेजारी खिडकीपाशी बसायचं, आणि तव्यावरची पहिली पोळी तिच्या ताटात पडायची. चुकणारीने शेगडीच्या बाजूला जायचं. "जा, आईच्या बाजूला बस," बाबा म्हणत, आणि ते शिक्षा सुनावल्यासारखं म्हणत. आई शेगडीपाशी उभी राहून पोळ्या लाटत असे. तिला ते ऐकू येत होतं. रोज.

विजू बहुतेक वेळा आईच्या बाजूला असायची. मी जवळजवळ कधीच नाही. बाबांचं पुस्तक मी दुपारी चोरून वाचून ठेवत असे. मला त्या माणसांमध्ये काडीचा रस नव्हता. मला खिडकी हवी होती.

आई सांगलीची. सातवीची मराठी फायनल पास होऊन लग्नाआधी दोन वर्षं तिने प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. इंग्रजी तिला शाळेत कधी मिळालंच नाही. अमेरिकेत आल्यावर ती दुकानांच्या पाट्यांवरून, साबणाच्या खोक्यांवरून अक्षरं जुळवायला शिकली. बोलताना मात्र शब्द तिच्या तोंडात अडकून बसत. पण मराठी! दर रविवारी सकाळी न्हाणं झालं की ती मला आणि विजूला टेबलाशी बसवून शुद्धलेखन घालायची. प्रत्येक वाक्य दोनदा, सावकाश, खणखणीत आवाजात. मग लाल पेन्सिल. दहापैकी गुण. मला सहा मिळत, कधी सात. तिने मला कधीच दहा दिले नव्हते. आज तुमच्यासाठी मला हे सगळं मराठीत लिहिता येतंय ते त्या लाल पेन्सिलीमुळे. तेव्हा मला ती पेन्सिल डोळ्यांसमोर नको होती.

त्या सप्टेंबरात एका रविवारी करंदीकरकाकू सकाळीच आल्या. करंदीकर हे आमच्यासारखंच एक मराठी कुटुंब, पलीकडच्या गावातलं. काका बाबांच्याच प्रयोगशाळेत होते आणि काकू मुंबईच्या कॉलेजात शिकलेल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. मी काकूंना भारीच मानत असे. त्यांच्यासमोर आईने माझी वही तपासली आणि दहापैकी चार गुण दिले. काकूंनी वहीत डोकावून म्हटलं, "अगंबाई नलू, एवढी हुशार तू, आणि हे काय गं?" त्या हसल्या. आई हसली नाही. तिने फक्त म्हटलं, "इंग्रजीत ठीक आहे तिचं. इथे लक्ष नसतं." बस, एवढंच झालं. पुढे जे घडलं त्याला याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं. पण नाही.

आईला सिटिझनशिपची परीक्षा द्यायची होती. बाबा आदल्या वर्षी सिटिझन झाले होते. त्यांनी आईला कधी आग्रह केला नाही. आईनेच अर्ज मागवला, करंदीकरकाकूंकडून भरून घेतला. कारण सांगलीची आजी. माझी आजी दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेजारची इंदू नावाची मुलगी तिला पत्रं वाचून दाखवायची आणि उत्तरंही लिहून द्यायची. आजीला इकडे आणायचं तर तिच्या मुलीनेच सिटिझन व्हायला हवं होतं; जावई असून चालणार नव्हतं. आईने हे कुठून तरी नीट समजून घेतलं होतं. बाबा कधी "नको" म्हणाले नाहीत. आजीचा विषय निघाला की ते म्हणत, "बघू. आधी तुला पास तर होऊ दे," आणि हसत. त्या हसण्यात नकार होता हे मला तेव्हाही कळत होतं. तेरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. तिला बाकी कोणाची कीव तेवढी येत नाही.

बाबांनी आईला सांगितलं की परीक्षेत सगळे राष्ट्राध्यक्ष पहिल्यापासून आतापर्यंत ओळीने विचारतात. तेव्हा सदतीस होते. एकही चुकता कामा नये. आई माझ्याकडे आली. हात पुसत, शुद्धलेखनाची वही घेऊन. "नलू, मला ती नावं मराठीत लिहून देशील? उच्चार नीट कळतील असे. मी पाठ करते." पाठ करणं म्हणजे तिला काहीच नव्हतं. अख्खी स्तोत्रं, पाढे, शाळेत शिकवलेल्या कविता तिला न अडखळता येत. मी लिहायला बसले. एक ते दहा बरोबर लिहिली. अकराव्यापाशी थांबले. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या जेवणात रुटाबेगा दिला होता, नवलकोलासारखा एक कंद, उकडून चेचलेला, सगळ्या पोरांना ओकारी आणणारा. आईने तो कधी विकत आणला नव्हता. तिला नावही माहीत नव्हतं. मी अकराव्या राष्ट्राध्यक्षाला गाळलं आणि त्या जागी, मोठ्या सुंदर अक्षरात, लिहिलं: हेन्री रुटाबेगा.

पुढची सव्वीस नावं बरोबर लिहिली. माझं काम नेहमी व्यवस्थित असतं.

आई ती नावं पोळ्या लाटताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची, गाडीत मागच्या सीटवर बसून ओठांतल्या ओठांत म्हणायची. जप करतात तसं बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत. तर्जनीवर तीन, मधल्या बोटावर तीन, अनामिकेवर तीन, करंगळीवर तीन. एक हात संपला की बारा झाले. मधलंच एखादं नाव तिला विचारलं तर येत नसे. "सोळावा कोण?" मी विचारलं की ती पहिल्यापासून सुरू करायची आणि सोळाव्यावर पोचल्यावरच थांबायची. बाबांना याची फार गंमत वाटे. ती सात-आठ नावांवर आली की ते मुद्दाम मध्येच एखादं भलतंच नाव टाकत, आई गडबडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. "रेकॉर्ड अडकली," बाबा म्हणत. मीही हसायची. करंगळीच्या मधल्या पेराशी आल्यावर ती दर वेळी स्पष्ट, आदराने म्हणायची, "हेन्री रुटाबेगा", आणि मी विजूला टेबलाखाली लाथ मारायची. विजूला माहीत होतं. ती शाळेत तेच खात होती. घाबरून ती कोणाला काही बोलली नाही. आणि बाबांनी ते एकदाही ऐकलं नाही, कारण आईला दहाव्याच्या पुढे ते कधी जाऊच देत नसत.

परीक्षा एका मंगळवारी होती. त्याच्या आदल्या शनिवारी-रविवारी आम्ही कॅम्पिंगला गेलो, दर वर्षी पानं लाल व्हायला लागली की जायचो तसं. पश्चिमेच्या डोंगरांत, गाडीने चार तास. बाबांच्या दृष्टीने कॅम्पिंग म्हणजे खरी अमेरिका. घरात राहून अमेरिका कळत नाही असं ते सांगत. करंदीकर काका-काकू बरोबर असत. जाड कॅनव्हासचा तंबू, त्याला मेणाचा नि ओल्या कुत्र्याचा वास. आई सहावारीवर बाबांचा जुना ओव्हरकोट, पायांत लोकरीचे मोजे आणि विजूच्या जुन्या मापाचे वाटतील असे छोटे कॅनव्हासचे बूट घालून तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली असायची. ज्वारीचं पीठ मिळत नसे, म्हणून मक्याच्या पिठाची भाकरी. ती थापताना कडेने भेगाळायची आणि आई ओल्या बोटाने भेगा बुजवत बसायची. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आजूबाजूला मेपलची झाडं पेटल्यासारखी, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर पानांचा खळखळाट. ते सगळं इतकं सुंदर होतं की अजूनही ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला लाल झाड दिसलं की मी मान फिरवते.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला थंडी वाढली म्हणून काकांनी मोठा जाळ केला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती लाकडी बाकांवर बसलो. आई जरा बाजूला, चुलीपाशी, भाकऱ्या करत होती. बाबा खूश होते. त्यांनी हात वर करून जाहीर केलं, "मंडळी, मंगळवारी आमच्या बाईसाहेबांची मोठी परीक्षा. आज रंगीत तालीम! अगं, ये इकडे. उभी राहा."

"अहो, भाकरी तव्यावर आहे," आई म्हणाली.

"नलू बघेल भाकरी. ये."

मी भाकरीपाशी गेले. आई ओव्हरकोटाला पीठ पुसत जाळापाशी उभी राहिली, शाळेत बाई उभ्या राहतात तशी, पाय जुळवून. काकू म्हणाल्या, "वहिनी, बिनधास्त म्हणा हो. आम्ही कोण मोठे लागून गेलोय."

आईने अंगठा तर्जनीवर टेकवला आणि सुरुवात केली. त्या दिवशी बाबांनी मध्ये नाव टाकलं नाही. पाहुण्यांसमोर त्यांना तालीम नीट हवी होती. आईचा आवाज चांगला लागला होता. मागच्या झाडीत कोणीतरी लाकूड फोडत होतं, त्या घावांच्या तालावर नावं येत होती. सातवा, आठवा, नववा, दहावा. करंगळीचं मधलं पेर.

"हेन्री रुटाबेगा."

काकांच्या तोंडात कॉफी होती. ती त्यांच्या नाकातून बाहेर आली. "काय? काय म्हणालात वहिनी?"

आई थांबली. तिला वाटलं उच्चार चुकला. तिने जीभ नीट वळवून पुन्हा म्हटलं, "हेन्री रुटाबेगा."

"ओ माय गॉड," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. बाबा आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. ते गुडघ्यावर थाप मारून हसले. "रुटाबेगा! अरे, याची भाजी करतात की भजी? कोणत्या पार्टीचा होता गं हा?"

"मला पार्टी शिकवली नाही," आई म्हणाली. खरंच. असंच म्हणाली.

मग तर काकांना श्वास घेता येईना. बाबा म्हणाले, "पुन्हा. पहिल्यापासून." आईने पुन्हा सुरुवात केली. तिला अजून कळलं नव्हतं कुठे चुकतंय. दहाव्यापर्यंत सगळे ओठ दाबून बसले, बाबांनी बोट वर करून ठेवलं, आणि अकराव्याला सगळे एकदम तिच्याबरोबर ओरडले, "हेन्री रुटाबेगा!" शेजारच्या तंबूतली गोरी मंडळी वळून बघायला लागली. बाबांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. आईने तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता, आणि अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर आला तेव्हा ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी हसत होते. तव्यावरची भाकरी एका बाजूने काळी झाली होती, धूर माझ्या डोळ्यांत जात होता, आणि मी हसत होते.

आईच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी तो आयुष्यभर जपून ठेवला असता. तिने फक्त पाहिलं, जसं वहीत चूक सापडल्यावर पाहायची तसं, म्हणजे ती चूक नेमकी कुठे आहे ते तिला दिसलं. मग ती बाबांना म्हणाली, "मीच चुकले. माझ्याकडूनच भलतं पाठ झालं." आणि चुलीपाशी येऊन माझ्या हातातून उलथणं घेतलं. "सर," ती मला म्हणाली. "भाजशील."

रविवारी सकाळी तंबू गुंडाळताना विजूला राहवलं नाही. ती रडत बाबांना म्हणाली, "डॅडी, आईची मिस्टेक नव्हती. ताईने लिहिलं होतं. शी डिड इट ऑन पर्पज."

बाबांनी दोरी हातातच धरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. "तू? शाबास! डोकं आहे पोरीला." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. परतताना मी पुढे बसले, बाबांच्या शेजारी, नकाशा मांडीवर घेऊन. आई मागे विजूजवळ. कॅरी जवळ आल्यावर बाबांनी आरशात बघून सांगितलं, "उद्या ऑफिसातून फोन करून मंगळवारचं कॅन्सल करतो. पुढची तारीख मागू. एवढ्या लोकांसमोर जी बाई भाजीला प्रेसिडेंट करते, ती परीक्षा घेणाऱ्या साहेबासमोर काय करेल? माझं नाव खराब व्हायचं."

"ते तर नलूने—" आई म्हणाली.

"तेच म्हणतो. पोर फसवते, तर साहेब फसवणार नाही का?"

त्या संध्याकाळी मी गाद्या घालत होते तेव्हा आई खोलीत आली. दार लोटून घेतलं. "नलू, तू अकरावं नाव मला खरं सांग." मी सांगितलं. तिने तीन वेळा म्हटलं, अंगठा पेरावर दाबून. झालं, तिला आलं. मग म्हणाली, "मला आता सगळी येतात. करंदीकरवहिनी गाडीने सोडणार आहेत, त्यांनी कबूल केलंय. उद्या सकाळी जेवताना तुझ्या बाबांना एवढंच सांग, की आईला मंगळवारी जाऊ द्या. ते तुझं ऐकतात. माझं नाही ऐकत." थोडं थांबून म्हणाली, "आजीला आता हात धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही, इंदूने लिहिलंय."

मी म्हटलं, "सांगते."

सोमवारी सकाळी बाबा लवकर निघत, म्हणून ते पोळी-भाजी खाऊनच जात. आई शेगडीकडे तोंड करून उभी होती. बाबांनी त्या दिवशी सकाळीच खिशातून पुस्तक काढलं. "बोल नलू. ज्याने लग्नच केलं नाही असा कोण?"

मी उत्तर दिलं. बरोबर होतं. बाबांनी शेजारची खुर्ची ओढून दिली. मी बसले. आईने लाटणं थांबवलं होतं. तव्यावर पोळी होती आणि ती उलटत नव्हती. मला तिची पाठ दिसत होती, मानेवर घट्ट बांधलेला अंबाडा, आणि ती ऐकत होती. एवढं एक वाक्य होतं. आईला जाऊ द्या. चार शब्दही नाहीत. बाबा माझ्याकडे बघून हसत होते, सकाळचं ऊन खिडकीतून माझ्या ताटावर पडलं होतं, आणि मला वाटलं, आत्ता हे बोलले तर ते म्हणतील, जा, आईच्या बाजूला बस.

पोळी करपली. बाबा म्हणाले, "अगं, लक्ष कुठे आहे?" आईने ती करपलेली पोळी स्वतःसाठी बाजूला ठेवली आणि पुढची टाकली. ती माझ्या ताटात वाढली. पहिली.

मी तुमची आजी आहे, आणि मी सत्तरीच्या जवळ आले आहे, आणि यादी लिहिल्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलं आहे. पोरं असला वाह्यातपणा करतात. त्या सोमवारबद्दल नाही.

इथे मी क्रम मोडते आणि नंतरचं आधी सांगून टाकते, कारण मला शेवट त्याच्यावर करायचा नाही. बाबांनी तारीख रद्द केली. पुढची तारीख त्यांनी मागितलीच नाही. त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात सांगलीची आजी मोरीत पडली आणि गेली. त्यानंतर वर्षाने आईने कोणाला न सांगता पुन्हा अर्ज केला आणि काकूंच्या गाडीतून जाऊन आली. साहेबाने तिला पाच-सहा सोपे प्रश्न विचारले. सध्याचे राष्ट्राध्यक्ष कोण. झेंड्याचे रंग कोणते. दहा मिनिटांत बाहेर. सदतीस नावं कोणी विचारली नाहीत, कोणालाच कधी विचारत नव्हते, आणि बाबा स्वतः ती परीक्षा देऊन आले होते. आईने ते सर्टिफिकेट साड्यांच्या खाली ठेवलं. बाबांनी विचारलं, "आता कोणाला आणणार?" तेव्हा ती म्हणाली, "कोणाला नाही. तुम्ही प्रश्न विचारा मुलींना. जेवण गार होतंय."

पण त्या आधी, रद्द झालेल्या मंगळवारनंतरचा रविवार. न्हाणं झालं. आईने टेबल पुसलं, विजूला बाहेर खेळायला पाठवलं, आणि माझ्यासमोर वही ठेवली. तीच, जिच्या मागच्या पानावर यादी होती. यादीचं पान तिने फाडलं नव्हतं. "लिही," ती म्हणाली, आणि खणखणीत आवाजात सांगायला लागली. प्रत्येक वाक्य दोनदा.

"तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. तुला इकडे आणायचं लांबणीवर पडलं आहे. लांबणीवर पडलं आहे. पूर्णविराम."

माझा हात थांबला. "लिही," आई म्हणाली.

"मला परीक्षेची नावं आली नाहीत. आली नाहीत. पूर्णविराम. नलूने मला मनापासून शिकवलं. मनापासून शिकवलं, स्वल्पविराम, पण मीच कमी पडले. पूर्णविराम. इंदूला सोडून एकटी मोरीत जाऊ नकोस."

मी लिहिलं. कागदावर पाणी पडू नये म्हणून मान मागे घेऊन लिहिलं. आईने वही ओढून घेतली, लाल पेन्सिल काढली आणि ओळीओळीवरून नेली. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, सगळं पाहिलं. मग खाली लिहिलं: दहापैकी दहा. पहिल्यांदाच. आणि माझ्यासमोर विमानटपालाचं निळं पत्र, एअरोग्राम, ठेवलं. "आता यावर स्वच्छ उतरवून काढ. तुझ्याच अक्षरात जाऊ दे."

महिन्याभराने उत्तर आलं, इंदूच्या हाताने लिहिलेलं. आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, शेगडीच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. आजीने लिहिलं होतं, काळजी करू नकोस, इतकी वर्षं काढली, अजून काढीन. आणि शेवटी: नलूचं अक्षर फार सुरेख आहे असं इंदू सांगते, मला दिसत नाही, पण मी कागदावरून हात फिरवून पाहिला, पोरीला चांगलं वळण लावलंस.

हे शेवटचं वाक्य आईने दोनदा वाचलं. सावकाश, म्हणजे मला उतरवून घेता यावं.